डाव्या हाताने टकळी का?

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली, हे शिक्षक होताना आपण सगळ्यांनीच परीक्षेसाठी पाठ केलेले असते. समितीच्या अहवालासोबत कताईचा तपशीलवार अभ्यासक्रमही छापला होता. तो मात्र फारसा कोणी वाचत नाही. सात वर्षांच्या मुलाने पहिल्या सहा महिन्यांत काय शिकायचे याची त्यात यादी आहे. कापूस साफ करणे, पेळू करणे, तुटलेले सूत जोडणे आणि मग टकळी. टकळीवर उजव्या हाताने कातणे. ते जमले की तेच डाव्या हाताने. पुढे गुडघ्याच्या खाली आणि वर टकळी फिरवून पुन्हा तसेच, आधी उजवा हात, मग डावा.

उजव्या हाताने काम होत असताना डाव्याला का राबवायचे? साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला 3 तास 20 मिनिटे दिली होती, मधल्या सुट्टीला 10 मिनिटे आणि शारीरिक शिक्षणाला 10. इतका वेळ एकाच हाताची तीच ती हालचाल केली तर काय होते, ते वर्ध्यात कातणाऱ्यांना तोवर चांगले ठाऊक झाले होते. आज शाळेची माहिती संगणकावर भरता भरता मान आखडलेले गुरुजी आणि मनगट चोळणाऱ्या बाई नेमक्या त्याच प्रश्नापाशी येऊन थांबल्या आहेत. म्हणून संगणकाकडे जाण्याआधी थोडे टकळी-चरख्यापाशी थांबू या.

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत 1935 मध्ये विनोबांनी ठरवले, की रोज चार गुंड्या सूत कातायचे आणि त्या मजुरीत भागेल तेवढेच खायचे. एक गुंडी म्हणजे 640 तार आणि एक तार चार फुटांची. मुलांकडून हे गणित करून घेण्यासारखे आहे. चार गुंड्या म्हणजे 10,240 फूट, तीन किलोमीटरहून थोडे अधिक. एका ओढीत तीन फूट सूत निघाले असे धरले, तर हात सुमारे साडेतीन हजार वेळा लांबवून परत आणायचा. विनोबांना याला साडेआठ-नऊ तास लागत. आपल्या आठवणींत त्यांनी सांगितले आहे, की ते काही वेळ उभ्याने कातत, काही वेळ बसून. कधी उजव्या हाताने, कधी डाव्या. यात साधनेचा भाग होताच, पण हे सरळसरळ शरीराचे व्यवस्थापनही होते. एका जागी, एका आसनात, एका हाताने साडेतीन हजार ओढी रोज काढणारा माणूस महिन्याभरात आडवा झाला असता.

गांधीजींना हा धडा दुखण्यातून मिळाला. 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात सूत ओढणाऱ्या डाव्या हाताचे त्यांचे कोपर दुखू लागले आणि डॉक्टरांनी हाताला विश्रांती द्यायला सांगितले. कातणे तर सोडायचे नव्हते. त्यांनी हात बदलून पाहिले आणि पायाने चालणारा मगन चरखाही वापरला. प्रभुदास गांधी यांनी बनवलेल्या या चरख्याला मगनलाल गांधींचे नाव दिले होते. वर्ध्याची मगनवाडी आणि तिथले मगन संग्रहालय यांनाही त्यांचेच नाव आहे. चाक पायाने फिरू लागले की दोन्ही हात मोकळे होतात. लिहिण्यातही गांधीजी हेच करीत. 1909 मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना त्यांनी बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिले. त्या 275 पानी हस्तलिखितातली सुमारे 40 पाने डाव्या हाताची आहेत, कारण उजवा हात थकला होता.

आमच्या मते या साऱ्यात सर्वांत लक्षणीय म्हणजे 1929 ची चरखा स्पर्धा. अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत 16,000 फूट सूत निघावे, किंमत 150 रुपयांच्या आत असावी, अशा अटी होत्या. त्यांतच एक अट अशी, की खेड्यातल्या साध्या झोपडीत बसून बाईला सलग आठ तास फार श्रम न होता तो चालवता आला पाहिजे. यंत्र किती काम देते याच्या जोडीला ते चालवणाऱ्या शरीराला किती शिणवते, ही कसोटी लेखी घातलेली होती. माणसाच्या शरीराला साजेल असे काम आणि अवजार घडवण्याच्या शास्त्राला 'एर्गोनॉमिक्स' म्हणतात. हा शब्द पोलंडच्या यास्त्रझेम्बोव्स्की यांनी 1857 मध्येच वापरला होता, पण त्याला खरे चलन मिळाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. चरख्याची ही अट त्याच्या आधीची. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही.

बैठ्या कामाच्या दुखण्याची नोंद याहून खूप जुनी आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि 1713 च्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण घातले. सतत बसणे, हाताची न थांबणारी एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण ही तीन कारणे त्यांनी दिली. आजही यांत फारशी भर घालावी लागत नाही. त्यांनी एका लेखनिकाची हकीकतही दिली आहे. त्याचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला, म्हणून तो डाव्याने लिहायला शिकला. काही काळाने डावाही गेला. तेव्हा हात बदलणे हा उपाय खरा, पण अपुरा. एकूण काम तेवढेच राहिले आणि विसावा मिळाला नाही, तर दुखणे फक्त जागा बदलते.

पुढे तारायंत्र आले आणि मोर्सची कळ दिवसभर दाबणाऱ्यांचे हात आखडू लागले. ब्रिटनमध्ये 1908 साली हा विकार कामगार नुकसानभरपाईच्या यादीत गेला आणि 1911 मध्ये त्यावर चौकशी समितीचा अहवाल निघाला.

मग टंकलेखन यंत्र. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पाठ ताठ, कोपरे अंगाजवळ, मनगटे उचललेली अशी शिस्त लावत. पण त्या यंत्रातच एक सोय दडलेली होती. ओळ संपली की घंटी वाजायची, हात कळफलकावरून उचलून दांडा सरकवायचा. पान संपले की कागद काढायचा, कार्बन लावायचा, नवा कागद चढवायचा. टंकलेखकाला नकळत दर मिनिटाला दोन-चार क्षणांचा विसावा आणि हालचालीत बदल मिळे. संगणकाने हे सारे काढून टाकले. ओळ आपोआप वळते, पान आपोआप उलटते, फाइल आणायलाही उठावे लागत नाही. कळा हलक्या झाल्या, ताकद कमी लागू लागली, तरी दुखणी वाढली ती यामुळे.

हलक्या कामाने दुखते कसे? वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. एक लिटर पाण्याची बाटली एका विद्यार्थ्याला हात समोर ताणून तशीच धरायला सांगा. दुसऱ्याला तेवढीच बाटली सावकाश वर-खाली करायला सांगा. तक्रार कोणाची आधी येते ते पाहा. आकुंचन पावलेला स्नायू आतल्या रक्तवाहिन्या दाबतो. तो मधून मधून सैल झाला तर रक्त येते-जाते. सैल झालाच नाही तर प्राणवायूचा पुरवठा तोकडा पडतो आणि दुखू लागते. पडद्याकडे पाहताना आपल्या मानेचे आणि खांद्यांचे स्नायू पहिल्या विद्यार्थ्यासारखे वागत असतात. आता तीच बाटली छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा. वजन तेच, पण तरफेचा बाहू लांबला. आपले डोके साडेचार-पाच किलोचे असते. ते कण्याच्या बरोबर वर असेल तर मानेला फार जड नसते. पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ओढून धरावे लागते. मांडीवर ठेवलेला लॅपटॉप आणि हातातला मोबाइल हेच करायला लावतात.

आणखी एक कल्पना 1990 च्या सुमारास मांडली गेली. हलक्या कामाला स्नायूतले थोडेच तंतू लागतात. ते सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात. स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत त्यांना सुट्टी नाही. काम हलके असले तरी या मूठभर तंतूंचा पिट्टा पडतो. ही अजून उपपत्तीच आहे, पण नुसता माउस धरून खांदा का भरून येतो ते तिने बरे उलगडते.

बसावे कसे, याबद्दलचे ज्ञानही बदलत आले आहे. काटकोनात ताठ बसा, असे आपल्याला शिकवले गेले. 1980 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या ग्रांजाँ यांनी संगणकावर काम करणाऱ्यांना खुर्ची हवी तशी लावू दिली, तेव्हा बहुतेक जण थोडे मागे रेलून, पाठ आणि मांडी यांत 100 ते 110 अंशांचा कोन ठेवून बसले. पाठीला आधार असताना असे रेलणे मुळीच आळशीपणाचे नाही. मनगटाच्या बोगद्यातली नस दबते ती कळफलकामुळेच, असेही काही काळ मानले गेले. पुढच्या अभ्यासांत तो संबंध समजला होता तितका घट्ट आढळला नाही. मान, खांदे आणि कोपरापुढचा हात यांच्या दुखण्याशी मात्र संबंध टिकून आहे.

शाळेत करण्यासारखे बरेच काही फुकटात होते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली यावी. त्यासाठी जुन्या रजिस्टरांची चळत पुरते. लॅपटॉपवर रोज तास-दोन तास काम असेल तर त्याला वेगळा कळफलक जोडून लॅपटॉप उंच ठेवावा. पाय टेकत नसतील तर खाली पाट किंवा दोन विटा. कळफलक आणि माउस इतक्या जवळ, की कोपर अंगापासून लांब जाणार नाही. पेढीवरचे मुनीम गादीवर बसून उतरत्या डेस्कावर चोपड्या लिहीत, त्यातही हेच शहाणपण होते. चोपडी डोळ्यांकडे उचलली गेली की मान कमी वाकते. आमच्या शाळांतल्या संगणक कक्षांत बहुधा पाचवीपासून दहावीपर्यंत सर्वांना एकाच उंचीची टेबले असतात. पाचवीच्या मुलीचे पाय तिथे लोंबकळतात आणि दहावीच्या मुलाचे गुडघे टेबलाला लागतात. संगणक कितीचे घ्यायचे यावर शाळा समितीत तासभर चर्चा होते, खुर्च्यांवर पाच मिनिटेही नाही.

पण नुसत्या खुर्चीने भागत नाही. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात हातदुखीच्या तक्रारींची लाट आली. तिथल्या दूरसंचार खात्यात पाहणी झाली तेव्हा चमत्कारिक गोष्ट दिसली. कळा सर्वाधिक वेगाने दाबणाऱ्या तारायंत्र कर्मचाऱ्यांत तक्रारी फार कमी होत्या, टेलिफोन चालवणाऱ्यांत कितीतरी जास्त. म्हणजे कळा किती दाबल्या एवढ्यानेच सारे ठरत नाही. कामावर नजर कोणाची, घाई किती, थांबण्याची मुभा आहे की नाही, यांचाही हिशेब धरावा लागतो. रामाझ्झिनींचे तिसरे कारण आठवावे.

हा मुद्दा वर्ध्यालाही पोचला होता, मजुरीच्या वाटेने. कातणाऱ्या बाईला सुताच्या मापावर पैसे मिळत. हात दुखला म्हणून ती थांबली, तर तेवढी मजुरी बुडाली. 1935 मध्ये गांधीजींनी आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत असा आग्रह धरला. प्रत्यक्षात ठरलेले दर त्याहून बरेच खाली राहिले, पण जगण्यापुरती मजुरी हे तत्त्व चरखा संघाने मान्य केले. विनोबांचा नालवाडीचा प्रयोग याच वर्षीचा, आणि मजुरीत पोट भरते का हे पाहण्यासाठीच होता. विसावा हा आरोग्याचा प्रश्न आहे, तितकाच दराचा. आज नोंदींच्या संख्येवर पैसे मिळवणाऱ्या डेटा एंट्रीच्या मुलामुलींना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. राज्यात 2015 साली 'सरल' प्रणाली आल्यापासून मुदतीच्या आदल्या रात्री माहिती भरत बसणाऱ्या शिक्षकांनाही नाही.

विसाव्याने काम खरेच बुडते का, याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेच्या करखात्यात विवरणपत्रांची माहिती भरणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिवसात पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या होत्याच. काही आठवडे त्यांखेरीज पाच-पाच मिनिटांच्या चार सुट्ट्या जास्तीच्या दिल्या, म्हणजे रोज वीस मिनिटे काम कमी. अंगदुखी आणि डोळ्यांचा ताण कमी झाला, आणि दिवसाअखेरचे काम मोजले तर ते घटलेले नव्हते.