चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील घरगुती पाणीपुरवठ्यातील बिघाड व दुरुस्ती

चंद्रपूर व गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील वनबहुल जिल्हे आहेत. येथील घरगुती पाणीपुरवठा प्रामुख्याने नळयोजना, हातपंप, विहिरी आणि विंधनविहिरी यांवर अवलंबून आहे. किनारपट्टीच्या प्रदेशात खारी हवा व खारे पाणी यांमुळे नळ गंजतात. या दोन जिल्ह्यांत मात्र पाण्यातील लोह, क्षार व फ्लोराइड, उन्हाळ्यातील तीव्र उष्णता आणि पावसाळ्यातील पूर ही बिघाडाची मुख्य कारणे आहेत. अनेक गावे तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असल्याने कुशल नळ कारागीर येईपर्यंत घरच्या घरी करावयाच्या तात्पुरत्या दुरुस्तीला येथे विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वर्धा व वैनगंगा या येथील प्रमुख नद्या असून त्यांच्या संगमानंतर प्रवाहास प्राणहिता असे नाव मिळते. चंद्रपूर शहरास इरई धरणातून पाणी मिळते. ग्रामीण भागात मालगुजारी काळातील तलाव, म्हणजेच मामा तलाव, आजही भूजल टिकवून धरण्यास साहाय्यभूत ठरतात.

दोन्ही जिल्ह्यांची भूरचना एकसारखी नाही. गडचिरोलीचा मोठा भाग प्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म खडकांचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा असलेले गोंडवन खडक असून राजुरा व कोरपना परिसरात चुनखडक आढळतो. खडक बदलला की पाण्याचा गुण बदलतो आणि त्याबरोबर नळांचे दुखणेही बदलते.

पाण्याचे गुणधर्म व त्यांचे परिणाम

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आय.एस. १०५००) फ्लोराइडचे इष्ट प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असून दुसरा स्रोत नसल्यास ते १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. एकूण काठिण्याच्या मर्यादा अनुक्रमे २०० व ६०० मिलिग्रॅम आहेत.

काठिण्य : चुनखडकाच्या भागातील जड पाण्यामुळे तोटी, शॉवर आणि पाणी तापविण्याची उपकरणे यांवर पांढरा थर साचतो व धार बारीक होते. सुटा करता येणारा भाग काढून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात काही तास बुडवून ठेवल्यास हा थर विरघळतो.

लोह : लोहयुक्त पाणी उपसताना स्वच्छ दिसते, परंतु हवेशी संपर्क आल्यावर तांबूस होते. भांडी, फरशी व कपडे यांवर डाग पडतात आणि टाकीच्या तळाशी गाळ बसतो. सकाळी पहिले काही हंडे तांबूस येऊन नंतर पाणी निवळत असेल, तर दोष बहुधा गंजलेल्या लोखंडी नळाचा असतो. दिवसभर उपसूनही रंग कायम राहिल्यास लोह भूजलातच असण्याची शक्यता अधिक असते.

फ्लोराइड : फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते आणि त्यामुळे नळही बिघडत नाहीत. म्हणूनच तांबूस पाण्याला नाक मुरडणारे कुटुंब शेजारच्या पंपाचे स्वच्छ दिसणारे, परंतु अधिक अपायकारक पाणी निर्धास्तपणे पीत राहण्याचा धोका असतो. दीर्घकाळ असे पाणी प्यायल्यास दातांवर डाग पडतात व हाडे आणि सांधे कायमचे जखडतात. उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. परीक्षणात पिण्यास अयोग्य ठरलेल्या स्रोतावर तांबड्या रंगाची खूण केली जाते. ती पुसट झाल्यास पुन्हा रंगवून घेणे आवश्यक असते.

हातपंप

या भागात इंडिया मार्क–२ प्रकारचे हातपंप सर्वत्र आढळतात. १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने विकसित झालेल्या या पंपाची मूळ कल्पना महाराष्ट्रातील सोलापूर येथे तयार झालेल्या पंपावरून घेतलेली आहे. दांडा, साखळी, जोडसळया, उभा नळ आणि पाण्यात बुडालेला सिलिंडर हे त्याचे मुख्य भाग होत.

बिघाडाचे स्वरूप बहुतेक वेळा वरूनच ओळखता येते :

१. दांडा हलका लागतो व पाणी मुळीच येत नाही : जोडसळई तुटलेली वा सुटलेली असते.
२. बराच वेळ दांडा मारल्यावर पाणी येते : तळाची झडप गळते किंवा उभ्या नळास छिद्र पडलेले असते.
३. पाणी येते, पण धार दिवसेंदिवस कमी होते : सिलिंडरमधील वायसर झिजलेले असतात किंवा भूजलपातळी खाली गेलेली असते.
४. दांडा करकरतो वा हिसके देतो : साखळीला वंगण नसते किंवा बेअरिंग झिजलेले असते.

वंगण देणे व सैल नट–बोल्ट आवळणे ही कामे गावपातळीवर करता येतात. उभा नळ साधारण ३ मीटर लांबीच्या तुकड्यांचा असतो. ३० मीटर खोलीवरील सिलिंडर काढण्यासाठी असे १० तुकडे पाण्याच्या वजनासह वर उचलावे लागतात. हे काम पकडसाधनांशिवाय केल्यास संपूर्ण नळ विहिरीत पडून विंधनविहीर निकामी होऊ शकते. त्यामुळे ते पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाकडेच सोपविणे इष्ट असते. इंडिया मार्क–३ या सुधारित प्रकारात उभा नळ न काढता सिलिंडरचे अंतर्भाग वर घेता येतात.

गडचिरोलीतील अनेक दुर्गम गावांत एकाच विंधनविहिरीवर हातपंप व सौर पंप असे दोन्ही बसविलेले असतात. ढगाळ दिवसांत सौर पंप मंदावला तरी हातपंपाने पाणी घेता येते. म्हणून सौर पंप चालू असतानाही हातपंप वापरात ठेवणे हितावह असते.

घरातील सामान्य बिघाड

तोटी गळणे : बहुधा आतील रबरी वायसर झिजल्याने तोटी गळते. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तोटी उघडावी, जुना वायसर काढून त्याच मापाचा नवा बसवावा. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी वाया जाते.

जोडातून पाझर : आट्यांच्या जोडावरील जुना सफेदा व सुतळी काढून आटे स्वच्छ करावेत आणि टेफ्लॉन टेप आटे आवळण्याच्या दिशेने गुंडाळून जोड पुन्हा बसवावा.

नळ फुटणे : प्रथम पाणी बंद करावे. फुटलेला भाग पुसून त्यावर सायकलच्या रबरी ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी व तारेने आवळावी. ही दुरुस्ती केवळ तात्पुरती असते. पीव्हीसी नळाचा फुटका तुकडा कापून सॉकेट व सॉल्व्हंट सिमेंटने नवा तुकडा जोडावा लागतो. चिकटवताना नळ कोरडा असणे आवश्यक असते.

मोटरने पाणी न उचलणे : शोषनळीत हवा शिरणे हे याचे नेहमीचे कारण होय. मोटर बंद करून पंपात पाणी भरावे व जोड तपासावेत. कोरडी मोटर चालू ठेवल्यास ती जळण्याचा धोका असतो. ओल्या हाताने वा ओल्या जमिनीवर उभे राहून मोटरला हात लावू नये.

थेट नळाला टुल्लू पंप लावणे हे अनेक गावांतील वादाचे कारण आहे. त्यामुळे टोकाच्या घरांना पाणी मिळत नाही. शिवाय वाहिनीत निर्वात दाब निर्माण होऊन फुटक्या जोडांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्याचा अपाय पंप लावणाऱ्या घरासह साऱ्या वस्तीला होतो.

ऋतुमानाचा प्रभाव

चंद्रपूरचे तापमान मे महिन्यात ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते. उघड्यावरील पीव्हीसी नळ सततच्या उन्हाने ठिसूळ होतात. ते जमिनीत पुरावेत किंवा झाकावेत. पाणीटंचाईत साठवलेली भांडी उघडी राहिल्यास डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदास होते. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून ती घासून वाळविली जातात.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क वारंवार तुटत आला आहे. अशा गावांत वायसर, टेफ्लॉन टेप, पाइप पाना व टी.सी.एल. पावडर यांचा साठा मृग नक्षत्रापूर्वी करून ठेवणे उपयुक्त ठरते. पुरात बुडालेल्या विहिरीचे वा हातपंपाचे पाणी निर्जंतुकीकरण व तपासणी झाल्याखेरीज पिऊ नये. नेहमीच्या निर्जंतुकीकरणासाठी १००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारे ५ ग्रॅम टी.सी.एल. पावडर पुरते; ती मिसळल्यानंतर किमान अर्धा तास थांबावे लागते.

व्यवस्था

ग्रामीण भागात पाण्याच्या गुणवत्तेचे काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाहतो. स्वच्छताविषयक सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीस हिरवे, पिवळे वा लाल कार्ड दिले जाते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक ग्रामीण कुटुंबास नळाद्वारे दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे. पाणी तपासणी संचाच्या वापराचे प्रशिक्षण गावातील ५ महिलांना देण्याची तरतूदही त्यात आहे. नळजोडण्या वाढल्या तशी देखभालीची गरजही वाढली असून, योजना दीर्घकाळ चालण्यासाठी गावातच प्रशिक्षित कारागीर आणि सुटे भाग उपलब्ध असणे आवश्यक मानले जाते.