तिसरं चाक, चौथं चाक आणि दोरी

१८८६ साली कार्ल बेन्झनं मानहाइममध्ये आपली मोटारगाडी रस्त्यावर आणली, तिला तीन चाकं होती. मागे दोन, पुढे एक. आपल्याला लगेच रिक्षा आठवते, आठवायला हरकत नाही. पण चारचाकी घोडागाड्या शेकडो वर्षं धावत असताना या माणसानं तीनच चाकं का घ्यावीत? उत्तर साधं आहे. पुढची दोन चाकं एका वेळी नीट कशी वळवायची, याचं त्याला पटेल असं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. त्यानं तो प्रश्न सोडवला नाही, टाळला. १८९३ मध्ये त्यानं दोन्ही चाकं आपापल्या खुंटीवर वळवणाऱ्या स्टिअरिंगचं पेटंट घेतलं, आणि मग त्याची ‘व्हिक्टोरिया’ चार चाकांवर आली.

गंमत अशी की उत्तर त्याच्या जन्माआधीच मिळालेलं होतं. जुन्या बग्गीत पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. आस जास्त वळला की पुढचा आधार मधल्या खिळ्यापाशी गोळा व्हायचा, म्हणजे गाडी चार चाकांची असून वळताना जणू तीन पायांवर उभी राहायची. आणि कलंडायची. इरॅस्मस डार्विन, चार्ल्सचे आजोबा, व्यवसायानं डॉक्टर. रोग्यांकडे बग्गीनं हिंडायचे. आस जागेवर ठेवून फक्त चाकं वळवावीत, हा विचार त्यांनी अठराव्या शतकातच केला होता. पुढे म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गीकारानं तो प्रत्यक्षात आणला. १८१८ मध्ये लंडनला त्याचं पेटंट घेतलं ते त्याचा तिथला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यानं. हा आकरमान छापील चित्रांचा आणि पुस्तकांचा व्यापारी! शोध कारागिराचा, पण आजही गॅरेजमध्ये नाव चालतं ते आकरमानचं. १८७८ मध्ये पॅरिसच्या जाँतोनं त्याला नेमकी भूमिती दिली. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर धावतं, बाहेरचं मोठ्या. म्हणून आतल्यानं जास्त वळायला हवं. दोघांनी एकसारखं वळणं ही चूक आहे.

आता ऐंशी-नव्वद वर्षं पुढे येऊ. अमेरिकेत हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, म्हणून होंडाच्या तिथल्या विक्रेत्यांनी बर्फाचिखलात चालेल असं काहीतरी मागितलं. १९७० मध्ये होंडाची तीनचाकी विक्रीला आली. पुढे एक, मागे दोन, आणि टायर फुगीर, हवा अगदी कमी भरलेले. स्प्रिंगचं काम तेच करायचे. पुढे एकच चाक, म्हणजे पुन्हा प्रश्न टाळलेला. बेन्झ फार तर सायकलीच्या वेगानं जात होता. ही पोरं वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारत होती.

मागचा आस सलग होता, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरणार. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते त्याला जमत नाही, म्हणून गाडी सरळच जाऊ पाहते. चालवणाऱ्यानं अंग झोकून आतलं चाक हलकं करायचं, तेव्हा ती वळणार. शिकलेल्याला हे जमतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं काय? मृतांमध्ये आणि जायबंदी झालेल्यांमध्ये मुलांचं प्रमाण मोठं होतं. दोष चालवणाऱ्याच्या वागण्याचा, असं कंपन्या म्हणत राहिल्या. मला हे म्हणणं अर्धवट वाटतं. ज्या यंत्राचा तोल माणसाच्या अंगावर टाकलेला आहे, त्याचा तोल गेला की दोष मात्र माणसाचा, हा कुठला न्याय? अखेर १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकी सरकार न्यायालयात गेलं, आणि १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी, पोलॅरिस या कंपन्यांशी दहा वर्षांचा समझोता झाला. नव्या तीनचाकींची विक्री बंद. विकल्या गेलेल्या मात्र लोकांच्या अंगणात तशाच राहिल्या.

तोवर चौथं चाक आलेलं होतं. १९८५ ची सुझुकीची एलटी२५०आर ही शर्यतीच्या जातीची पहिली क्वाड. तिच्यामागोमाग होंडाची टीआरएक्स२५०आर आणि १९८७ ची यामाहाची बॅन्शी. नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात ना, त्या गाड्यांची ही तापट भावंडं. मागचा आस इथंही सलगच. त्यामुळे सरळ जाऊ पाहणाऱ्या गाडीला वळवण्याचं ओझं पुढच्या दोन चाकांवर येतं, आणि म्हणूनच त्यांची जुळणी, म्हणजे अलाइनमेंट, जीवनमरणाची होते.

माझं आयुष्य न्याय-वैशेषिक शिकवण्यात गेलं. संयोग हा गुण एका द्रव्यात राहत नाही, दोन्हींत मिळून राहतो, असं नैयायिक म्हणतात. मला त्याचं टो-इनइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. एकटं चाक आत झुकलंय की बाहेर, हे कशाच्या तरी संदर्भाशिवाय सांगताच येत नाही.

मोजायचं कसं? सपाट फरशी. दोन्ही बाजूंच्या टायरात हवा सारखी. हँडल सरळ करून पट्ट्यांनी बांधायचं. चालवणाऱ्याच्या वजनाचा माणूस वर बसवायचा, कारण शॉकॲब्सॉर्बर दबले की चाकांचे कोन बदलतात. चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, आधी लावून घ्यायचा. तो नंतर हलवला की टो बिघडतो. मग आसाच्या उंचीवर दोन्ही टायरांच्या पुढच्या बाजूला मध्यावर खडूची खूण करायची आणि अंतर मोजायचं. गाडी ढकलून चाकं अर्धा फेरा फिरवायची, त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजायचं. खूण तीच ठेवायची, नाहीतर रिमचा वाकडेपणा मापात शिरतो. पुढचं अंतर किंचित कमी हवं, सहसा काही मिलिमीटर. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला. धावताना मातीचा रेटा आणि सांध्यांतली ढिलाई चाकांना बाहेर उघडते, त्याची ही आगाऊ भरपाई. चाकं बाहेर उघडलेली राहिली तर गाडी एक रेघ धरत नाही, दगडा-दगडाला हुंदडते.

पण टेप फक्त चाकांचं आपसातलं नातं सांगते. दोघंही मिळून डावीकडे पाहत असतील, तरी माप बरोबरच येईल! म्हणून दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर, मागून पुढे दोरी ताणायची आणि प्रत्येक चाक वेगळं तपासायचं. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे लॉकनट ढिला करून रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त होते. दोन्ही बाजूंचे रॉड सारखेच फिरवायचे, नाहीतर हँडल तिरकं बसतं. शेवटी नट आवळून पुन्हा एकदा मोजायचं, कारण आवळताना रॉड थोडा सरकतो. आणि गाडी एखाद्या खोडावर आदळली की दोरी पुन्हा बाहेर काढायची, रॉड वाकलेला दिसत नसला तरी.