बॉयलर वर्षातले किती दिवस पेटतो?

हरित हायड्रोजनची आणि हीट पंपाची चर्चा वऱ्हाडात पोचली आहे ती वरून. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने स्वतःचे धोरण जाहीर केले, आणि तेव्हापासून अमरावती-अकोल्याच्या औद्योगिक वसाहतींतही उद्याचे इंधन कोणते यावर बोलणे सुरू झाले. हे बोलणे बहुतेक वेळा इंधनाच्या गुणांवर थांबते: धूर किती, कार्बन किती, दर किती. या मुलखाचा इतिहास मात्र दुसराच प्रश्न पुढे करतो. गेल्या दीडशे वर्षांत येथे लाकूड गेले, कोळसा आला, मग तेल, मग वीज. या प्रत्येक बदलात इंधनाच्या गुणांपेक्षा दोन गोष्टींनी निकाल दिला. यंत्र वर्षातले किती दिवस चालणार, आणि ते बंद राहील त्या दिवसांचा खर्च कोणाच्या माथी बसणार?

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले तेव्हा येथला कापूस बैलांच्या पाठीवरून लांबच्या बाजारांना, थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात होता. सरकी काढण्याचे काम घराघरांत हाताच्या रेच्यावर होई. त्या कामाला इंधन लागत नसे, फक्त माणसाचा दंड लागे, आणि तो हंगाम संपला की दुसऱ्या कामाला लागे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, भाव चढले, आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली. खामगाव आणि अमरावती हे कापसाचे दोन मोठे बाजार मुख्य मार्गापासून बाजूला पडले होते, म्हणून त्यांच्यासाठी जलंब आणि बडनेऱ्याहून फाटे काढावे लागले. रुई वजनाला हलकी आणि आकाराने फुगीर. डब्यात ती मोकळी भरली तर आगगाडी वारा वाहून नेते. म्हणून वाफेची खरी निकड रुई दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसला होती. सरकी काढणाऱ्या वाफेच्या जिनांचे महत्त्व त्याच बाजारांच्या वाढीबरोबर वाढले, आणि रेचा मागे पडला.

जिनिंग कारखान्याच्या आतली रचना येथे समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. एका बाजूला बॉयलर आणि इंजिन, तिथून जिनांच्या रांगेखालून जाणारा लांब दांडा, आणि त्या दांड्यावरून प्रत्येक जिनाला जाणारा पट्टा. थोडीच जिने चालवायची तरी सगळा दांडा फिरवावा लागे. चाळीस जिनांपैकी दहांनाच पुरेल एवढा कापूस आला, तरी बॉयलर पेटवून इंजिन चालू ठेवावेच लागे. कापसाची आवक दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्यात संपते. म्हणजे कर्ज काढून विलायतेहून आणलेले यंत्र निम्मे वर्ष गंज चढू नये म्हणून तेल लावून ठेवायचे. एवढे असूनही जिने उभी राहत गेली, कारण चढत्या भावाच्या वर्षी कोणालाच मागे राहायचे नव्हते.

परिणाम काय झाला तो नोंदींत आहे. वऱ्हाडात आणि खानदेशात जिने गरजेपेक्षा इतकी जास्त झाली की मालकांनी आपसांत संगनमत करून ‘पूल’ बांधले. काही जिने मुद्दाम बंद ठेवायची, चालू जिनांनी दर ठरवून घ्यायचा, आणि नफ्याचा वाटा बंद जिनालाही द्यायचा. बंद बॉयलरच्या भांडवलावरचे व्याज असे कपाशी पिकवणाऱ्याच्या खिशातून वसूल होत होते. १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. त्याने मालावर कारखान्याची खूण, नोंदवही अशी शिस्त आणली, पण पडून राहणाऱ्या यंत्राचे अर्थशास्त्र कायद्याने बदलत नसते. ते बदलले विजेच्या मोटारीने. दुसऱ्या महायुद्धाआधीच काही जिनांत तेलाची इंजिने बसली होती. पुढे १९५० च्या दशकात नागपूरजवळच्या खापरखेड्याची आणि १९६१ पासून अकोल्याजवळच्या पारसची वीज मिळू लागली, तसा लांब दांडा निरर्थक ठरत गेला. प्रत्येक जिनाला स्वतंत्र मोटार बसली की दहा जिनांपुरता कापूस असेल तर दहाच चालवता येतात. विजेने कोळशाला हरवले ते स्वच्छतेमुळे नव्हे (पारसला कोळसाच जळत होता), तर हंगामाच्या चढउताराबरोबर कमी-जास्त होता येते म्हणून.

उलट बाजूचा पुरावा शकुंतला रेल्वेचा आहे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने कापसासाठी टाकलेला हा अरुंद मार्ग, यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटरचा. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडवलेले वाफेचे इंजिन येथे १९२३ पासून १९९४ पर्यंत धावले. हौशी लोकांना त्यात रम्यता दिसते. मला त्यात दिसते ती अडकलेली जबाबदारी. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार सरकारी रेल्वे, आणि माल दर वर्षी ट्रककडे वळलेला. नवे इंजिन आणण्याचा खर्च कोणी करायचा हेच ठरले नाही, म्हणून जुनेच चालत राहिले. ज्या यंत्राचे चालू दिवस कमी आणि मालकी दुभंगलेली, तिथे इंधनबदल सगळ्यात शेवटी येतो.

आता हीच फूटपट्टी आजच्या दोन पर्यायांना लावू, पण आधी दोन्हींचा विजेचा हिशोब पाहू. पाण्यातून विजेने हायड्रोजन काढायला किलोमागे साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते, आणि तो किलोभर हायड्रोजन जाळला तर सुमारे ३३ युनिटांइतकी उष्णता मिळते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, हवेतली किंवा पाण्यातली उष्णता विजेच्या जोरावर वर उचलतो. घरातला फ्रिज हे त्याचेच रूप, फक्त तिथे आपल्याला थंड बाजू हवी असते. अशा पंपाला एक युनिट वीज दिली तर मध्यम तापमानाची तीनेक युनिट उष्णता मिळते. म्हणजे ज्या ५० युनिटांतून हायड्रोजनमार्गे तीस-बत्तीस हाती लागतात, त्यातूनच पंप दीडशेच्या घरात देतो. शिवाय अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो. युरोपातल्या पंपाला हिवाळी गारठ्यातून उष्णता ओढावी लागते, अकोल्याच्या पंपाला ती उन्हाळ्यात फुकट आणि भरपूर मिळते. स्रोत जितका गरम तितके उचलायचे अंतर कमी आणि विजेचा खर्च कमी, हे साधे गणित येथे आपल्या बाजूचे आहे. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये तूर भिजवून, तेल लावून वाळवतात. अजूनही पुष्कळ वाळवण उन्हावर होते, आणि ढगाळ आठवड्यात काम अडते. या वाळवणाला पन्नास-साठ अंशांची हवा पुरते. पंपाचा तो हुकमी टापू आहे.

पण पारसच्या कोळशातून आलेल्या विजेवर पंप चालवला तर तो स्वच्छ कसा? हा आक्षेप रास्त आहे, त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावे लागेल. शंभर भाग कोळशातून वीज केंद्रात पस्तीसेक भाग वीज निघते, वाटेतली गळती धरून कारखान्यात तीसेक पोचते, आणि पंप तिची नव्वद भाग उष्णता करतो. तोच कोळसा कारखान्याच्या लहान बॉयलरमध्ये जाळला तर पंचाहत्तर-ऐंशी मिळतील. फरक मोठा नाही, हे मान्य. पण जाळ्यात जसजशी सौरऊर्जा वाढेल तसतसा पंप आपोआप सुधारत जातो. बॉयलरला ती सोय नाही.

दुसरा आक्षेप हायड्रोजनच्या विरोधातला, आणि तो मला फारसा पटत नाही. हायड्रोजन वऱ्हाडचे पाणी पिऊन टाकेल असे म्हटले जाते. या भागाचा राग समजण्यासारखा आहे. सिंचनासाठी बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या १३५० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पाला दिले गेले तेव्हा शेतकऱ्यांनी आंदोलने केली होती. मात्र हिशोब असा आहे की एक किलो हायड्रोजनला रासायनिक गरज म्हणून नऊ लिटर पाणी लागते, शुद्धीकरण आणि थंड करणे धरून ते वीस-तीसपर्यंत जाते. दिवसाला शंभर टन हायड्रोजन काढणारा कारखाना म्हणजे दोन-तीन हजार घनमीटर पाणी. एका मेगावॉट-तासाला तीन घनमीटर हे प्रमाण धरले तर पूर्ण भाराने चालणारे १३५० मेगावॉटचे केंद्र दिवसाला सत्त्याण्णव हजार घनमीटर पाणी घेते. खरी अडचण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. तिथले भूजल वापरायचे तर आधी गोडे करावे लागेल, आणि मागे उरणारे तीव्र खारे पाणी कुठे सोडायचे याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

हायड्रोजनची कमजोर बाजू पाण्यात नाही, ती पुन्हा चालू दिवसांत आहे. दुपारी सौर वीज स्वस्त आणि जास्त असते, ती वाया घालवण्यापेक्षा तिचा हायड्रोजन करावा, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण महागडे विद्युत अपघटन यंत्र दिवसाचे पाच-सहा तासच चालले, तर उरलेल्या वेळेचे व्याज हायड्रोजनच्या किमतीतच चढते. निम्मे वर्ष गप्प बसलेल्या बॉयलरचीच ही गोष्ट, आता महिन्यांऐवजी तासांत. हा भार अनुदानाने उचलला तर ‘पूल’मध्ये शेतकऱ्याच्या खिशातून जे जात होते ते करदात्याच्या खिशातून जाईल.

म्हणून हायड्रोजन टाकाऊच, असेही नाही. खत आणि पोलाद जिथे बनते, चोवीस तास मागणी असते आणि हायड्रोजन रासायनिक गरज म्हणूनच लागतो, तिथे त्याला पर्याय कमी आहेत. ही दोन्ही कामे वऱ्हाडात फारशी नाहीत. राहिला घरगुती वापर. ज्या देशांत घरोघर गॅसची नळी आधीच आहे तिथे तीच हायड्रोजनला वापरू, असा विचार तरी होऊ शकतो. येथल्या खेड्यांत उज्ज्वला योजनेच्या सिलिंडरशेजारी चुलीपुढे पऱ्हाटी आणि तुराट्यांचा ढीग असतो, कारण त्या शेतातून विकत न घेता येतात. घराच्या चुलीपर्यंत हायड्रोजन नेण्याचे स्वप्न येथे कोणी दाखवू नये.

कसोटी लागेल ती नांदगाव पेठ परिसरातल्या वस्त्रोद्योगात. अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. रंगाईला साठ ते नव्वद अंशांचे पाणी लागते, ते पंप देऊ शकतो. कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्राला मात्र दीडशे-दोनशे अंश लागतात, आणि तिथे पंप आज मागे पडतो. तिथे पऱ्हाटीच्या कांड्यांवरचा बॉयलर किंवा थेट विजेची भट्टी हायड्रोजनपेक्षा लवकर परवडेल, असे मला वाटते. पंपाची स्वतःचीही एक अडचण आहे, आणि ती तंत्रातली नाही. उच्चदाब जोडणीवर मागणी आकार द्यावा लागतो, पंप बंद असला तरी. महावितरणच्या दरपत्रकात जिनिंग-प्रेसिंग आणि सरकीच्या तेलगिरण्यांसाठी हंगामी उद्योगांचा वेगळा वर्ग आहे. वाफेच्या काळापासून येथल्या यंत्रांना नडलेल्या सहा महिन्यांची ती कागदावरची कबुली म्हणता येईल. अकोल्याच्या वाळवणाला आणि अमरावतीच्या रंगाईला याच वर्गात किंवा त्याच्या धर्तीवर जागा मिळवण्याची मागणी वीज नियामक आयोगापुढे मांडावी लागेल, आणि ती मांडण्याचे काम येथल्या उद्योजक संघटनांचे आहे.