क्यूट डिझायनरमध्ये स्लायडर कसा सेट करायचा? रेंज, स्टेप आणि ट्रॅकिंग

स्लायडर दिसायला अगदी सोपा. क्यूट डिझायनरच्या विजेट बॉक्समधून 'हॉरिझॉन्टल स्लायडर' ओढून फॉर्मवर टाकला की काम झालं, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. नागपूरजवळच्या एका शीतगृहासाठी मी संत्र्यांच्या खोलीचं तापमान ठरवायची स्क्रीन बनवली. पहिल्या चाचणीत स्लायडर एकदाच ओढला, तर कंट्रोलरला वाटेतल्या प्रत्येक आकड्याची वेगळी आज्ञा गेली. कॉम्प्रेसरसाठी हे चांगलं नाही. चूक माझीच होती, कारण बहुतेक प्रॉपर्टीज मी डीफॉल्टवर सोडल्या होत्या.

म्हणून इथे तेच उदाहरण घेऊ. नागपुरी संत्री साधारण ६ ते ७ अंश सेल्सिअसला साठवतात. फार थंडी झाली तर सालीवर डाग पडतात, उष्णता वाढली तर फळ लवकर सडतं. त्यामुळे आपल्याला ५ ते १० अंशांची रेंज हवी, आणि तीही अर्ध्या-अर्ध्या अंशाने.

१) मिनिमम आणि मॅक्सिमम

डीफॉल्ट रेंज ० ते ९९ असते. लक्षात ठेवायची पहिली गोष्ट म्हणजे हा स्लायडर फक्त पूर्णांक ठेवतो. ६.५ त्यात बसत नाही. अशा वेळी बरेच जण सगळं १० ने गुणतात, म्हणजे ५० ते १०० अशी रेंज आणि स्टेप ५. हे टाळा, कारण पुढच्या मुद्द्यात येईल.

त्याऐवजी 'एक घर म्हणजे अर्धा अंश' असं धरा:

मिनिमम: १० (५ अंश)
मॅक्सिमम: २० (१० अंश)
व्हॅल्यू: १३ (६.५ अंश)

लेबलवर दाखवताना आणि कंट्रोलरला पाठवताना व्हॅल्यूला २ ने भागायचं.

२) सिंगल स्टेप आणि पेज स्टेप

सिंगल स्टेप लागू होते कीबोर्डच्या बाणांना. पेज स्टेप लागू होते पेज-अप, पेज-डाउनला आणि बहुतेक ठिकाणी स्लायडरच्या पट्टीवर क्लिक केल्यावर. माऊसने हँडल ओढताना मात्र यातली एकही स्टेप पाळली जात नाही. म्हणजे ५० ते १०० च्या रेंजमध्ये स्टेप ५ ठेवली, तरी ओढणारा माणूस ६३ वर थांबू शकतो आणि ६.३ अंश पाठवले जातात. घरच अर्ध्या अंशाचं असेल तर हा प्रश्न येतच नाही.

पेज स्टेपचं डीफॉल्ट १० आहे. आपल्या रेंजमध्ये एकूण फरकच १० चा, त्यामुळे पट्टीवर चुकून एक क्लिक झालं की तापमान थेट एका टोकाला जाईल. ती २ करा, म्हणजे एका वेळी एकच अंश बदलेल.

३) टिक पोझिशन आणि टिक इंटरव्हल

डीफॉल्टमध्ये खुणा नसतात. पोझिशन 'टिक्स बिलो' आणि इंटरव्हल २ ठेवला की प्रत्येक अंशाला एक खूण येते. पण खुणा फक्त दाखवण्यापुरत्या असतात. हँडल त्यांना चिकटत नाही आणि आकडेही आपोआप येत नाहीत. आकड्यासाठी शेजारी लेबल हवंच.

४) ट्रॅकिंग

माझी चूक इथली. ट्रॅकिंग चालू असलं (डीफॉल्ट तसंच) की ओढत असताना प्रत्येक घराला 'व्हॅल्यू चेंज्ड' सिग्नल येतो. ट्रॅकिंगची टिक काढली की तो हँडल सोडल्यावरच येतो. मग ओढताना लेबल बदलावं म्हणून ते 'स्लायडर मूव्हड' या सिग्नललाही जोडा.

एवढ्यावर थांबू नका. कीबोर्ड आणि माऊसचं चाक वापरलं तर ट्रॅकिंग बंद असूनही व्हॅल्यू लगेच बदलते. पान खाली सरकवताना चाक स्लायडरवर फिरलं तरी! म्हणून खरं यंत्र चालवणाऱ्या स्क्रीनवर मी आता स्लायडरने फक्त आकडा निवडू देतो. आज्ञा जाते ती 'लागू करा' बटण दाबल्यावरच.

५) स्क्रीन उघडताना

कंट्रोलरमधलं सध्याचं तापमान 'सेट व्हॅल्यू'ने स्लायडरवर टाकलं आणि आकडा बदलला, तर तोच सिग्नल येतो. तो सिग्नल आज्ञा पाठवण्याला जोडलेला असेल, तर नुसती खिडकी उघडल्यावरही आज्ञा जाते. तेवढ्या वेळापुरते सिग्नल ब्लॉक करा आणि लेबल हाताने भरा. कोडमधून रेंज देत असाल तर आधी रेंज, मग व्हॅल्यू.

आणखी एक गोष्ट. रेंजबाहेरचा आकडा दिला तर स्लायडर एरर देत नाही, गुपचूप टोकाला जाऊन बसतो. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. हवामान खात्याने नंतर तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. असा आकडा ५० पर्यंतच्या स्लायडरवर टाकला असता तर स्क्रीनवर शांतपणे ५० दिसले असते. नागपूरच्या मे महिन्यात ५० वर कुणी लगेच शंकाही घेतली नसती. त्यामुळे बाहेरून आलेला आकडा आधी कोडमध्ये तपासा, रेंजबाहेर असेल तर लाल अक्षरात सांगा, आणि मगच स्लायडरकडे द्या.

शेवटी कंट्रोल-आर दाबून प्रीव्ह्यू उघडा आणि चार गोष्टी करून बघा: हँडल ओढा, बाण दाबा, चाक फिरवा, पट्टीवर क्लिक करा. या चारही वाटांनी आकडा कसा बदलतो ते नीट पाहिलं की मगच स्क्रीन खऱ्या यंत्राला जोडा.