स्वखुशीची चढण

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली गाडी रोटेगाव, परसोडा मागे टाकून लासूर स्टेशनला थांबते. गंगापूर तालुक्यातले, शिवना नदीकाठचे लासूर हे दाक्षायणी देवीचे ठाणे. त्याच्या नावामागे 'स्टेशन' लागले ते १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड ते सिकंदराबाद जोडणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली तेव्हा. त्याआधी या भागातल्या गरीब माणसाला वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ गाठायचे तर स्वतःच्या पायांवाचून गत्यंतर नव्हते. ऐपत असेल त्याला बैलगाडी किंवा घोडे. रेल्वेने काय बदलले याचा हिशेब अभ्यासक कापसाच्या गाठींत आणि धान्याच्या पोत्यांत मांडतात, आणि ते रास्तच आहे. पण तिने आणखी एक बदल घडवला, ज्याची नोंद फारशी होत नाही: लांब चालणे ही सक्ती राहिली नाही, ती माणसाच्या मर्जीची गोष्ट झाली. आज सह्याद्रीत हजारो लोक पैसे भरून, अंधारात उठून डोंगरांत पळतात आणि त्यातले काही जण त्या निमित्ताने समाजकार्यासाठी निधी गोळा करतात. ही पोट भरलेल्या शहरी लोकांची परकी चैन आहे, असे म्हणून तिची बोळवण केली जाते. मला तसे वाटत नाही. हौसेने घेतलेले डोंगरातले कष्ट आणि त्यांच्याशी जोडलेले दान या दोन्ही गोष्टी आपल्या मुलखात जुन्या आहेत. पायांवरची सक्ती सुटली तेव्हा त्यांना खरा अर्थ आला, आणि त्या कष्टांची किंमत दुसऱ्याच्या पदरात काय पडले यावरूनच ठरवली पाहिजे.

आधी सक्तीचा इतिहास पाहू, कारण लासूरच्या ईशान्येला दिसणाऱ्या डोंगररांगेत तो ठळकपणे घडला आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला आणली आणि दिल्लीतल्या उमरावांना, विद्वानांना, सूफींना कुटुंबकबिल्यासह इकडे हलवले. खुलताबादेत ज्यांचा दर्गा आहे ते बुऱ्हानुद्दीन गरीब याच काळात दख्खनेत आले. त्यानंतर काही वर्षांनी हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने दिल्ली ते दौलताबाद ही वाट ४० दिवसांची असल्याचे लिहिले आहे. त्याच्या वर्णनातला सर्वांत बोलका भाग आहे तो डाकेच्या धावपटूंचा. दर मैलात तीन चौक्या, प्रत्येक चौकीवर कंबर कसून बसलेली माणसे, एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात घुंगरांची काठी. घुंगरांचा आवाज कानावर आला की पुढच्या चौकीवरचा माणूस उठून तयार होई. ही पायडाक घोड्यांच्या डाकेपेक्षा वेगवान होती आणि सुलतानाला प्यायला गंगेचे पाणी याच पद्धतीने दौलताबादेपर्यंत येत असे, असेही तो सांगतो. पुढे मराठेशाहीत जासूद आणि हरकारे हेच काम करत राहिले. त्यांचे धावणे थक्क करणारे होते, पण ते पोटासाठी आणि हुकुमाखाली होते. ज्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली त्यांचे कष्टही तसेच. १८९९-१९०० चा दुष्काळ आणि पुढे १९७२ चा, दोन्ही वेळा मराठवाड्यातल्या माणसाने उन्हात अंग झिजवले, कारण दुसरा मार्गच नव्हता.

आता रेल्वे आल्यानंतर काय झाले ते पाहू. चालणे हे केवळ मुक्कामाला पोहोचण्याचे साधन असते, तर गाडी सुरू होताच ते थांबायला हवे होते. तसे झाले नाही. बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपुराला पोहोचली. तिकीट काढून चंद्रभागेच्या वाळवंटाजवळ उतरता येऊ लागले. तरी पायी वारी थांबली नाही. संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी आजही बीडच्या बालाघाटातल्या चढउतारांवरून पायीच जाते. खुलताबादच्या भद्रा मारुतीला जायला संभाजीनगराहून चांगला रस्ता आहे आणि बस आहे. तरी श्रावणातल्या शुक्रवारी रात्री आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री माणसांचे लोंढे दौलताबादचा घाट चढत सुमारे २५ किलोमीटर चालतात आणि पहाटे दर्शनाला उभे राहतात. साताऱ्याकडच्या शिखर शिंगणापुराला वाहनाने जाता येते. तरी चैत्रातल्या यात्रेत पाण्याच्या जड कावडी मुंगी घाटाच्या कड्यासारख्या चढणीवरून माणसांची साखळी करून ओढत नेल्या जातात. सोपी वाट शेजारी असताना अवघड वाट धरणे, हे या सगळ्यांत समान आहे. मुंगी घाटातून कावड वर नेणाऱ्या तरुणाला सोपा रस्ता माहीत असतो. म्हणूनच त्याचे कष्ट त्याचे स्वतःचे असतात, आणि स्वतःचे असतात म्हणून ते त्याला अर्पण करता येतात.

या प्रथांकडे दानाच्या अंगाने पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. इथे दान चालणाऱ्याकडे येते. वारीच्या वाटेवर गावे पंगती वाढतात, डॉक्टर मोफत तपासतात, कुणी दाढी-कटिंग करून देतो, कुणी चपला शिवून देतो, कुणी पाय चेपतो. भद्रा मारुतीच्या रस्त्यावर मंडळे रात्रभर चहा, पाणी, फराळ घेऊन उभी असतात. ज्याला स्वतःला चालता येत नाही तो चालणाऱ्याची सेवा करून त्या कष्टांत वाटेकरी होतो. म्हणजे एकाचे दमणे दुसऱ्याच्या देण्याला निमित्त होते. ही देवाणघेवाण इतकी सवयीची आहे की तिच्यात विशेष काही आहे असे आपल्याला वाटत नाही. पण निधीसाठी पळण्याच्या आधुनिक प्रथेचा गाभाही हाच आहे. फरक एवढाच की तिथे चालणारा स्वतः घेत नाही. त्याच्या कष्टांकडे पाहून दिलेले दान तो तिसऱ्या, गरजू माणसाकडे पोचवतो.

ही आधुनिक प्रथाही सक्तीतूनच उगवली आहे. हाँगकाँगमधल्या गुरखा सैनिकांनी १९८१ मध्ये १०० किलोमीटर लांबीच्या मॅक्लेहोज डोंगरवाटेवर लष्करी सरावाचे रूपांतर मदतनिधीच्या उपक्रमात केले. १९८६ पासून ऑक्सफॅम ही संस्था त्यात आली आणि नागरिकांना भाग घेता येऊ लागला. चौघांचा संघ, १०० किलोमीटर आणि ठरलेली वेळ, हा साचा पुढे अनेक देशांत गेला. महाराष्ट्रात तो कर्जतच्या डोंगरांत आला. जे पाय हुकुमावर चालत होते, तेच स्वखुशीने चालू लागले आणि त्यांच्या चालण्यातून निधी उभा राहिला. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि धावण्यातून स्वयंसेवी संस्थांसाठी पैसा उभारण्याची रीत तिने मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीची केली. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने अर्धमॅरेथॉन होते. सिंहगड, राजगड, तोरणा या गडांना जोडणारी ५३ किलोमीटरची डोंगरशर्यतही आता रुजली आहे. या सगळ्याच शर्यती निधीसाठी नसतात, हे खरे. पण अवघड चढ स्वखुशीने घेण्याची तयारी त्यांतून वाढते, आणि ती तयारी असेल तरच पुढचा निधी शक्य होतो.

पहिला आक्षेप गंभीर आहे. ज्या मुलखात माणसांनी पोटासाठी खडी फोडली, तिथे दमण्याची हौस करणे म्हणजे त्या दुःखाची थट्टा नाही का? शर्यतीचे शुल्क, बूट, प्रवास यांचा खर्च पाहता खेड्यातल्या पोराला हे परवडत नाही, हेही खरे. पण स्वखुशीचे कष्ट ही श्रीमंतांचीच मिरास आहे, याला इतिहासात पुरावा नाही. वारीत आणि भद्रा मारुतीच्या रस्त्यावर चालणारे बहुसंख्य लोक शेतकरी, मजूर, छोटे दुकानदार आहेत. खेळातही तेच दिसते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या मैदानी स्पर्धांत शेतावर राबणारी, साधे अन्न खाऊन वाढलेली मुले अनवाणी धावली. त्यांचा वेग पाहून दोराबजी टाटांनी हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याचा ध्यास घेतला आणि पदरमोडही केली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. अलीकडच्या काळात नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत आणि माण तालुक्याची ललिता बाबर याच मातीतून वर आल्या. म्हणून आक्षेप हौसेवर घेण्यापेक्षा शुल्कावर घ्यावा. गरिबांना जिथे प्रवेश मिळत नाही अशी शर्यत सदोष आहे. पण दोष तिच्या रचनेत आहे, चढण चढण्याच्या इच्छेत नाही.

दुसरा आक्षेप हिशेबी आहे: दान द्यायचेच असेल तर घरी बसून द्यावे, त्यासाठी डोंगर कशाला तुडवायचा? मंडप, पदके, टी-शर्ट यांवरचा खर्च वाचवून तो सरळ गरजूंना द्यावा. यातला खर्चाचा मुद्दा पूर्णपणे मान्य करायला हवा. बाकीच्या मुद्द्याला मात्र अनुभव आणि अभ्यास दोन्हींचे उत्तर आहे. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डर शफीर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आढळले की, निधी उभारण्याच्या कामात कष्ट आणि वेदना असतील तर लोक सोप्या कामाच्या तुलनेत जास्त द्यायला तयार होतात. आणि हा परिणाम माणसांच्या दुःखाशी संबंधित कामांसाठी विशेष दिसतो. आपल्या वाटेवरच्या पंगतींनी हे कधीच दाखवून दिले होते. कष्ट ही देणाऱ्याला पटणारी खूण आहे: हा माणूस स्वतः झिजतो आहे, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा हे याचे मराठवाड्यातले सर्वांत चांगले उदाहरण. २०१६ मध्ये तीन तालुक्यांपासून सुरू झालेल्या या स्पर्धेत आपले अंबाजोगाई होते. ऐन उन्हाळ्यात ४५ दिवस गावांनी माळावर आणि डोंगरउतारावर चर खोदले, बांध घातले. पुढे शहरातले लोकही कुदळ-फावडे घेऊन महाश्रमदानाला गेले. त्यांनी तेवढ्या दिवसाचे पैसे पाठवले असते तर यंत्राने जास्त खोदकाम झाले असते, असा हिशेब कुणी मांडू शकेल. पण गाव उभे राहिले ते माणसे खपताना दिसल्यामुळे. दुष्काळी कामावरची तीच कुदळ, तोच उतार. फरक पडला तो कष्ट कुणाच्या मर्जीने होत होते यामुळे.

तिसरा आक्षेप श्रद्धाळू वाचकाचा असेल: भक्ती आणि खेळ यांची सांगड घालू नये. दोन्ही एक आहेत असे माझे म्हणणे नाही. वारकरी नामासाठी चालतो, वेळेसाठी नाही. त्याच्या छातीवर क्रमांक नसतो आणि शेवटी पदक नसते. मारुतीच्या वाटेवर मागे पडलेल्याला कुणी हरलेला मानत नाही. खेळाने भक्तीची नक्कल करावी असेही नाही. पण भक्तीच्या वाटेने सातशे वर्षांत जी सामाजिक शहाणीव कमावली, ती खेळाने उसनी घेतली तर त्यात भक्तीचा अपमान नाही. ही वाट ज्या गावांतून जाते त्यांना ती आपली वाटते, वृद्धांपासून पोरांपर्यंत सर्वांना तिच्यात काम असते, आणि चालणाऱ्याचे कष्ट आजूबाजूच्यांना देते करतात. डोंगरशर्यतींना आज नेमकी हीच गोष्ट साधलेली नाही. पहाटे शहरातून गाड्या येतात, दुपारी परत जातात, आणि वाटेवरच्या वाडीला रिकाम्या बाटल्यांपलीकडे फारसे काही मिळत नाही.

वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळच्या डोंगरात उद्या निधीसाठी शर्यत घ्यायची ठरली, तर लासूर स्टेशन, वेरूळ, दौलताबाद परिसरातल्या लोकांनी आयोजकांपुढे काही अटी ठेवाव्यात. स्थानिक मुलामुलींना विनाशुल्क प्रवेश द्या. गोळा झालेल्या आणि खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब गावच्या फळ्यावर लावा. निधीतला पहिला वाटा वाटेवरच्या शाळेला, विहिरीला, दवाखान्याला द्या. डोंगरावर नेलेले सगळे खाली आणा. या अटी पाळणारी शर्यत परकी ठरणार नाही. दौलताबादच्या घाटात रात्री चालणाऱ्या माणसांची ती रक्ताची नातेवाईक ठरेल. ज्या आजोबा-पणजोबांनी दुष्काळात हुकुमावर खडी फोडली, त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्यासाठी स्वखुशीने डोंगर चढावा, ही थट्टा नाही. तो त्यांचा हक्क आहे, आणि तो त्यांनी जरूर वापरावा.