ओढ आणि ढिलाई

रस्ता खणून केबल टाकण्याचे काम आपण सर्वांनी उभे राहून पाहिले आहे. पाहणाऱ्यास वाटते, माणसे पुष्कळ असावीत, जोर लावावा, की झाले! ही समजूत किती महाग पडते, हे अटलांटिक महासागराने शिकविले. तोच इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

१८५७ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडहून अमेरिकेकडे तारायंत्राची केबल टाकण्यास आरंभ झाला. ‘नायगारा’ जहाजावरून ती समुद्रात उतरत होती. खाली सुमारे २००० वाव पाणी; लोंबत्या केबलचे वजनच तिला खेचत होते. ती भरमसाट सुटू नये म्हणून चाकांना ब्रेक लावला होता. ११ ऑगस्टच्या पहाटे मुख्य अभियंता चार्ल्स ब्राइट थोडा वेळ दुसरीकडे गेला. लाटेने जहाजाची पिछाडी उचलली, ब्रेक वेळेवर सैल झाला नाही, आणि सुमारे सव्वातीन टन ताण सोसणारी केबल तटकन तुटली.

ब्रेकवरील माणसास दोष देणे सोपे होते. परंतु पुढील वर्षी एव्हरेट या अभियंत्याने, ठरीव ताणापलीकडे आपोआप सैल होणारा ब्रेक बसविला. ५ ऑगस्ट १८५८ रोजी केबल पैलतीरी पोहोचली. ती काही आठवड्यांतच मुकी झाली, पण ते विजेच्या अतिदाबाने.

१८६५ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने अधिक मजबूत केबल नेली. दोष आढळला म्हणून ती मागे ओढून घेत असता २ ऑगस्टला तुटली. सोडण्यापेक्षा ओढणे कठीण, हे तेव्हा कळले. १८६६ साली नवी केबल यशस्वी झाल्यावर जुनीही गळ टाकून उचलली. मधोमध उचललेल्या केबलवर दोन्ही बाजूंचे वजन येते. म्हणून सोबतच्या ‘मेडवे’ जहाजाने पश्चिमेस ती मुद्दाम तोडली. एके ठिकाणी तोडली, तेव्हा दुसरीकडे वाचली!

याच ‘ग्रेट ईस्टर्न’ने १८७० साली मुंबई ते एडन केबल टाकली. आज जमिनीतील केबल वाहकाला धरून ओढताना तांब्याच्या दर चौरस मिलिमीटरला ५० न्यूटन, ॲल्युमिनियमला ३०, ही मर्यादा सामान्यतः पाळतात. तेव्हा खंदकाशी ताणमापकावर डोळे लावून बसलेला माणूस दिसला, तर त्यास रिकामटेकडा समजू नये, एवढीच आमची विनंती आहे.