सर्पगंधेपासून मेंदूच्या चित्रापर्यंत

पांढुर्णा व सौंसर येथील जुन्या पिढीला नागपूर ही आपली राजधानी म्हणून आठवत असे. त्याच नागपुरात १८६४ साली वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि हे दोन्ही मराठी तालुके मध्यप्रदेशात, तर इस्पितळ सीमेपलीकडे, अशी वाटणी झाली. २०२३ साली या तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु १९५० पूर्वी, सीमेच्या अलीकडे काय किंवा पलीकडे काय, खिन्नतेच्या रोग्याला द्यावे असे खात्रीचे औषध जगातच नव्हते.

पहिला धागा हाती आला तो उलट्या बाजूने, एका भारतीय मुळीतून. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेचा उन्माद व रक्तदाब यांवरील उपयोग प्रसिद्ध केला. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग-पत्रिकेत आपले अनुभव मांडले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले.

रिसर्पिन घेणारे काही रक्तदाबाचे रोगी उदास होतात, असे डॉक्टरांना दिसू लागले. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा रिकामा करते, हेही १९५५ च्या सुमारास कळले. तेव्हा तर्क निघाला : साठा आटला की मन खचते. गंमत अशी की, त्याच १९५५ साली लंडनमध्ये रिसर्पिनने काही चिंताग्रस्त, खिन्न रोग्यांना बरे वाटल्याचेही प्रसिद्ध झाले होते. तिकडे फारसे कोणी पाहिले नाही! पुढची कित्येक औषधे या रसायनांचा प्रभाव वाढविणारी होती. ती उपयोगी पडली, पण गुण यायला कित्येक आठवडे लागत. आणि ज्याला जगणेच नकोसे झाले आहे, त्याच्या घरच्यांना हे आठवडे काय वाटतात ते सांगायला नको.

२००० साली अमेरिकेतील येल विद्यापीठात केटामिन या भुलीच्या औषधाचा अल्प प्रमाणात प्रयोग झाला. २००६ मध्ये बेथेस्डा येथे दोन तासांच्या आतच रोग्यांना उतार पडल्याचे दिसले. साठ्याच्या सिद्धान्ताने याचा उलगडा होईना. आता मात्र जिवंत मेंदूत डोकावण्याची सोय होती. किरणोत्सारी खूण लावलेली साखर अत्यल्प प्रमाणात टोचली की मेंदूचा कोणता भाग किती इंधन जाळतो, त्याचे चित्र उमटते. २०१४ मध्ये बेथेस्डा येथेच, केटामिननंतर ज्यांचा आनंदाचा ओढा परतला त्यांच्या मेंदूच्या अग्रभागी असलेल्या एका पट्ट्यात हा जाळ वाढलेला आढळला.

पुढे येल येथे मज्जापेशींच्या जोडांचीच दाटी मोजता येऊ लागली. २०१९ मध्ये तीव्र खिन्नतेत ही दाटी विरळ दिसली. केटामिन हे जोड पुन्हा उगवते, असे उंदरांवरील प्रयोगांतून वाटत होते. माणसांत २०२२ मध्ये सरसकट वाढ दिसली नाही. ज्यांच्यात जोड आधीच विरळ होते, अशा थोड्यांतच ती दिसली. म्हणून अजून तरी असे चित्र पाहून कोणाला कोणते औषध द्यावे, हे ठरविता येत नाही.